क्लच दाबणारा पाय त्यांचा, बिल माझे : एएमटी गाडीची आठ वर्षे

२०१७ च्या दसऱ्याला आम्ही घरातली जुनी गाडी देऊन पेट्रोलवर चालणारी, पाच गिअरची, एएमटी (म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने चालवणारी ऑटोमॅटिक यंत्रणा) बसवलेली एक छोटी हॅचबॅक घेतली. आज तिच्या मीटरवर ८१,००० किलोमीटर आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कोथरूड ते हिंजवडी या एकाच रस्त्यावर, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये, गेलेले आहेत. गाडीचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. ज्या यंत्रणेविषयी लिहायचे आहे ती थोड्याफार फरकाने अनेक कंपन्यांच्या छोट्या गाड्यांत आहे, आणि नाव घेतले की बोलणे यंत्रणेवरून घसरून कोणती कंपनी चांगली या जुन्या भांडणावर जाते.

ऑटोमॅटिक घेण्याचे कारण माझा डावा गुडघा. जुन्या गाडीत चांदणी चौकाच्या अलीकडे रांग लागली की पुढची पंधरा-वीस मिनिटे क्लच दाबणे, थोडा सोडणे, पुन्हा दाबणे एवढाच उद्योग असे. एका फेरीत किती वेळा क्लच दाबला जातो हे मी एकदा मोजायला घेतले आणि भूमकर चौक येण्यापूर्वीच दोनशेच्या पुढे गेल्यावर नाद सोडला. शोरूममध्ये त्याच मॉडेलची साधी गाडी आणि एएमटी यांच्या किमतीत सुमारे ४५,००० रुपयांचा फरक होता. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या दुसऱ्या जातीच्या ऑटोमॅटिकची गाडी हवी तर बजेट लाखाच्या आसपास वाढवावे लागत होते. विक्रेत्याने सांगितले की ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, चालवायला सगळ्या सारख्याच. हे वाक्य खरे नव्हते, पण ते समजायला मला अडीच वर्षे आणि एक क्लचप्लेट खर्ची घालावी लागली.

एएमटी म्हणजे मुळात नेहमीचीच मॅन्युअल गाडी. गिअरबॉक्स तोच, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती), क्लचप्लेट (तिच्यावर दाबली जाऊन ओढ गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) आणि प्रेशर प्लेटही (क्लचप्लेट दाबून धरणारी) तीच; फक्त क्लच दाबण्याचे काम पायाऐवजी आणि गिअर टाकण्याचे काम हाताऐवजी एक यंत्र करते. माझ्या गाडीत हे यंत्र हायड्रॉलिक आहे. विजेवर चालणारा एक छोटा पंप तेलावर दाब निर्माण करतो, तो दाब एका लहान टाकीत साठवला जातो, आणि गिअरबॉक्सचा संगणक हुकूम देईल तसे वाल्व उघडून तो दाब क्लचकडे किंवा गिअरच्या दांड्यांकडे सोडला जातो. चालकाच्या बाजूचे दार उघडले की बॉनेटखालून दोन-तीन सेकंद जो घर्र आवाज येतो तो या पंपाचा. नव्या गाडीत पहिल्या आठवड्यात तो ऐकून मी दोनदा खाली उतरून पाहिले होते. भारतात ही यंत्रणा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती २०१४ च्या ऑटो एक्स्पोत मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली तेव्हा. तिचे एएमटी मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीच्या तंत्रावर आधारलेले होते. त्याच वर्षी टाटांनी झेस्टच्या डिझेल गाडीला एएमटी दिले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जवळपास प्रत्येक कंपनीच्या छोट्या गाडीत क्लच पेडल नसलेला एखादा प्रकार दिसू लागला.

आधी चांगले लिहिते, कारण ते पुष्कळ आहे. पहिल्या महिन्यातच गुडघ्याचे दुखणे निम्म्यावर आले. ब्रेकवरचा पाय काढला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते, त्यामुळे रांगेत फक्त ब्रेक सांभाळावा लागतो. शहरात लिटरला १४ ते १५ आणि हमरस्त्यावर १९ ते २० किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज मिळते, जे माझ्या मैत्रिणीच्या त्याच मॉडेलच्या साध्या गाडीपेक्षा तसूभरही कमी नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या गाड्या पेट्रोल फार पितात ही तक्रार एएमटीला लागू होत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये शक्ती खाणारे काहीच नसते. घरात ज्यांना क्लच-गिअरच्या भीतीने गाडी शिकायचीच नव्हती त्या माझ्या जाऊबाईसुद्धा या गाडीवर महिनाभरात शिकल्या.

गचक्यांविषयी मात्र विक्रेते जेवढे कमी बोलतात तेवढेच मालक जास्त बोलतात. गिअर बदलताना संगणक आधी इंजिनाची ओढ कमी करतो, मग क्लच सोडवतो, गिअर बदलतो आणि पुन्हा क्लच जोडतो. एवढा वेळ चाकांना ओढ मिळत नाही आणि बसलेल्यांची मान किंचित पुढे झुकून मागे येते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हे सर्वाधिक जाणवते. यावरचा उपाय मला कोणी सांगितला नाही, तो पायाला आपोआप सापडला : इंजिनाचा आवाज एका पट्टीपर्यंत चढला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर हलका करायचा, म्हणजे गिअर बिनबोभाट पडतो. थोडक्यात, पाय क्लचवरून सुटला तरी लक्ष सुटत नाही. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना पाय एकदम पूर्ण दाबला तर गाडी आधी दचकल्यासारखी थांबते, खालचा गिअर टाकते आणि मग उसळते. समोरून वाहन येत असताना तो सेकंदभराचा विचार फार लांब वाटतो. म्हणून अशा रस्त्यावर मी आधीच दांडा मॅन्युअलकडे (म्हणजे गिअर आपण स्वतः ठरवण्याच्या खुणेकडे) ओढून एक गिअर खाली घेते आणि मगच बाहेर निघते.

हे सगळे सवयीने जमते आणि याला मी दोष म्हणणार नाही. खरा प्रश्न चढावरचा आणि रांगेतला आहे.

आमच्या सोसायटीचे पार्किंग तळघरात आहे. वर येण्याचा उतार अरुंद आहे, मध्येच उजवीकडे वळतो, आणि समोरून दुसरी गाडी उतरत असली तर वॉचमन हात करून वर येणाऱ्याला अर्ध्यावर थांबवतो. माझ्या मॉडेलमध्ये तेव्हा चढावर गाडी धरून ठेवणारी सोय नव्हती. आता बऱ्याच नव्या एएमटी गाड्यांत ती मिळते. माझ्या गाडीत ती नसल्यामुळे अर्ध्या उतारावर थांबून पुन्हा निघताना ब्रेक सोडला की गाडी आधी वीतभर, कधी हातभर मागे जाई, तेवढ्यात संगणक क्लच पकडू लागे आणि मग ती कण्हत वर चढे. मागे भिंत असताना हातभर अंतर फार असते. साहजिकच मी करू नये ते करू लागले : ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी उतारावर तोलून धरायची. साध्या गाडीत हाफ क्लचवर आपण हेच करतो. फरक एवढाच की तिथे क्लच किती घासला जातो आहे हे डाव्या पायाला कळत असते. एएमटीत तसे कळण्याचा मार्गच उरत नाही. माझ्या गाडीत असे फार वेळ केले तर एक बारीक पीप-पीप वाजते. ही सूचना क्लच तापल्याची आहे हे माहितीपुस्तिकेत लिहिले होते आणि मी ते वाचले नव्हते, हा माझा दोष मी इथेच नोंदवून ठेवते.

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही एका लग्नासाठी वाईला निघालो होतो. शनिवारची सकाळ, खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडलेला आणि मागे चढावर लागलेली रांग. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा हा घाट चढूनच जावे लागे. बोगदा होता तो येणाऱ्यांसाठी. गाड्या दहा-बारा फूट सरकत, थांबत, पुन्हा सरकत. पाऊण तास झाला असेल तेव्हा मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “अगं, काहीतरी जळतंय. तुझ्या गाडीचं नाही ना?” मी म्हटले, पुढच्या ट्रकचे असेल. वास रबर जळल्यासारखा होता पण त्याहून तिखट, घशात बसणारा. मग पीप-पीप सुरू झाले, आणि पुढची गाडी सरकल्यावर मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तेव्हा इंजिन ओरडले, काटा वर गेला आणि गाडी जागची हलली नाही. माझ्या यजमानांनी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. वीस मिनिटे गाडी न्यूट्रलमध्ये हँडब्रेकवर ठेवून बॉनेट उघडून उभे राहिलो, तेव्हा ती निघाली. त्या दिवसानंतर मात्र पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी थरथरू लागली आणि चढावर तिचा जोर स्पष्टपणे कमी झाला.

त्या घाटात नेमके काय घडले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण एएमटी घ्यावी की नाही याचा निम्मा निर्णय त्यावर होतो. गाडी हळूहळू सरकते तेव्हा इंजिन मिनिटाला हजारभर फेरे घेत असते आणि चाके जवळपास थांबलेली असतात. हा फरक कोणीतरी सोसायला हवा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तो तेल सोसते. दोन पंख्यांच्या मध्ये तेल घुसळले जाते, तापते आणि थंड होते, पण झिजत काहीच नाही. एएमटीत तो फरक कोरडी क्लचप्लेट फ्लायव्हीलवर घासून सोसते. प्रत्येक सरकण्यात तिच्या अस्तराचा एक थर जातो, आणि सपाटीपेक्षा चढावर कितीतरी अधिक जातो. म्हणजे जी सोय दाखवून ही गाडी विकली जाते, रांगेत पाय काढला की आपोआप सरकणारी, तीच तिच्या क्लचचा काळ आहे. कोरड्या क्लचला उष्णता मानवत नाही हे फक्त स्वस्त गाड्यांचे दुखणे नाही. फोर्डने फिएस्टा आणि फोकसमध्ये दिलेल्या दोन कोरड्या क्लचच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सवरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला, आणि त्यातल्या मुख्य तक्रारी निघताना थरथरणे, गिअर निसटणे या होत्या. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या छोट्या गाड्यांतल्या सात गिअरच्या डीएसजी या दोन क्लचच्या गिअरबॉक्सचाही क्लच कोरडाच. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या त्या मात्र तिच्या तेलातल्या दोषासाठी, क्लचसाठी नव्हे. कोरड्या दुहेरी क्लचची ही यंत्रणा एएमटीहून कितीतरी महाग आणि चालवायला कितीतरी मऊ आहे, पण शहरातल्या रांगेत ती स्वस्त वस्तूइतकीच तापते, हे महाग गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

आता सर्व्हिस सेंटर. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच दिली, कारण वाढीव वॉरंटीची मुदत बाकी होती आणि मीटरवर ३४,००० किलोमीटरही पुरते झालेले नव्हते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, गाडी कोण कोण चालवतं?” मी म्हटले, मीच. “मग साहेब?” साहेब बसने जातात. त्याने जॉब कार्डावर काहीतरी लिहिले, लॅपटॉप जोडला आणि तासाभराने सांगितले की क्लचचे “लर्निंग” केले आहे. क्लच झिजत जातो तसे तो पकडण्याची जागा बदलते आणि संगणकाला ती जागा नव्याने शिकवावी लागते, त्याला हा शब्द आहे. ही क्रिया खरी आणि उपयोगाची आहे, आणि प्रत्येक मोठ्या सर्व्हिसच्या वेळी ती करून घ्यावी असे मला आता कळले आहे. पण जळलेल्या क्लचला शिकवून काय उपयोग? आठवड्यात थरथर परत आली. दुसऱ्या वेळी गिअरबॉक्स उतरवला आणि मला बोलावून प्लेट दाखवली. अस्तर रिव्हेटपर्यंत आले होते, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडले होते, आणि प्लेट हातात घेतली तर खंबाटकीचा तोच वास अजून येत होता. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून अंदाज १३,६०० रुपयांचा.

मी वॉरंटीचा विषय काढला. उत्तर तयार होते : “क्लच हा झिजणारा भाग आहे मॅडम, ब्रेक पॅडसारखा. तो वॉरंटीत येत नाही. तुमची चालवण्याची पद्धत...”

या जागी थोडे थांबते, कारण माझ्या मते संपूर्ण एएमटीचा प्रश्न या एका वाक्यात आहे. साध्या गाडीत क्लच वॉरंटीबाहेर ठेवण्याला अर्थ आहे. तिथे क्लच किती दाबायचा, कधी सोडायचा, किती वेळ अर्धवट धरायचा हे चालक ठरवतो, आणि वाईट पायाने दोन वर्षांत प्लेट जाळता येते तशी चांगल्या पायाने लाख किलोमीटर पुरवताही येते. माझ्या गाडीत मात्र तो पाय मी चालवत नाही. क्लच कोणत्या क्षणी, किती वेगाने आणि किती दाबाने पकडायचा हे कंपनीने लिहिलेला प्रोग्राम ठरवतो. मी फक्त ब्रेक सोडते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबते, आणि असे करताना मी काही चूक केली तर तिचा परिणाम क्लचवर किती होऊ द्यायचा हेही तोच प्रोग्राम ठरवतो. क्लच तापला हे त्याला कळत होते, म्हणून तर तो पीप-पीप करत होता. मग सरकणे बंद करून गाडी न्यूट्रलला नेण्याची अक्कल त्याला का दिली नाही? पाय कंपनीचा, बूट कंपनीचा, आणि झिजलेल्या टाचेचे पैसे माझे, हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. निदान एएमटी गाड्यांच्या क्लचला पहिल्या ४०,००० किलोमीटरपर्यंत, वापराच्या प्रमाणात पैसे कापून का होईना, वॉरंटी हवी. ज्या कंपनीला आपल्या प्रोग्रामची खात्री आहे तिला ती द्यायला अडचण नसावी.

हेच मी कंपनीला ई-मेलने लिहिले, जॉब कार्डाची प्रत जोडून. आठ दिवसांनी फोन आला. भाषा अत्यंत गोड होती, मुद्द्याला उत्तर नव्हते, आणि शेवटी “सदिच्छा म्हणून” मजुरीत २० टक्के सूट मिळाली. ती मी घेतली. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार केला होता; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे सगळे मी पुढे वाचले. परंतु दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि ते राहून गेले. टाळेबंदीत गाडी तळघरात उभी राहून बॅटरी उतरली, आणि पहिल्यांदा दार उघडल्यावर पंपाचा आवाज घर्र न येता कण्हल्यासारखा आला. बॅटरी कमजोर असली की पंपाला दाब भरता येत नाही आणि गिअर पडत नाही. तेव्हा एएमटीची बॅटरी चार वर्षांवर नेण्याचा मोह टाळावा, एवढेच त्या प्रकरणातून सांगण्यासारखे आहे.

दुसरे मोठे प्रकरण २०२३ च्या पावसाळ्यातले. ५८,००० किलोमीटर झाले होते. सिग्नलला थांबून गाडी न्यूट्रलला घेतली आणि हिरवा लागल्यावर पुन्हा डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याची खूण) वर नेली की कधीकधी डॅशबोर्डवरचे न्यूट्रलचे एन हे अक्षर लुकलुकू लागे, पीप वाजे आणि गाडी जागची हलत नसे. मागून हॉर्नचा पाऊस. दांडा दोन-तीनदा मागेपुढे केला की निमूटपणे चालू लागे. रोज होत नसे, आणि सर्व्हिस सेंटरला नेले की मुळीच होत नसे. दाताच्या डॉक्टरकडे पोहोचल्यावर दाढ दुखायची थांबते त्यातला प्रकार. तिसऱ्या खेपेला त्यांच्या स्कॅनरवर गिअर न पडल्याचा एक कोड सापडला आणि त्यावरून त्यांनी थेट निष्कर्ष काढला की गिअर टाकणारे संपूर्ण हायड्रॉलिक युनिट बदलावे लागेल. अंदाजपत्रक ५८,४०० रुपयांचे. आतला एखादा वाल्व किंवा सील वेगळे मिळत नाही, युनिट अखंडच येते, असे सांगण्यात आले. गाडीची तेव्हाची बाजारातली किंमत पाहता हा खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मी गाडी परत आणली आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून कर्वेनगरमधल्या एका लहान गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकांनी लॅपटॉप काढला नाही, बॉनेटही उघडले नाही. मला गाडी भिंतीकडे पाठ करून लावायला सांगितली आणि ते बाजूला उकिडवे बसले.

“ताई, नुसता ब्रेक दाबा. सोडा. दाबा. परत सोडा.”

सात-आठ वेळा झाले. मग म्हणाले, “आरशात भिंतीवर बघा आता.” मी ब्रेक दाबला, भिंतीवर लाल उजेड पडला. सोडला, दाबला, पडला. पुन्हा सोडला, दाबला, आणि भिंत काळीच राहिली.

“तुमचा ब्रेक लाइटचा स्विच गेलाय. गाडीला कळतच नाही तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलाय ते. मग ती गिअर कशाला टाकेल?”

माझ्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय न्यूट्रलमधून गिअर पडत नाही, आणि ब्रेक दाबला आहे ही बातमी संगणकाला ब्रेक पेडलच्या वर असलेल्या काडेपेटीएवढ्या स्विचकडून मिळते. त्याचा संपर्क झिजला होता, पावसाळी दमटपणात तो अधिक बिघडे, आणि पेडल दोन-तीनदा हलवले की जुळे. म्हणूनच दांडा मागेपुढे केल्यावर गाडी चालू लागत असे, कारण प्रत्येक वेळी मी ब्रेकही नव्याने दाबत होते. स्विच २८० रुपयांचा, मजुरी १५० रुपये. त्याला आता दोन वर्षे होऊन गेली, एन पुन्हा लुकलुकलेले नाही. सर्व्हिस सेंटरने मला फसवले असे मी म्हणत नाही. त्यांच्या मुलांना स्कॅनर जे दाखवतो ते वाचायला शिकवले आहे आणि कोडपुढच्या चौकटीत जो भाग लिहिलेला असतो तो बदलायला शिकवले आहे. पण गिअर पडला नाही हे लक्षण झाले, कारण नव्हे, आणि लक्षणावरून ५८,००० रुपयांचे युनिट बदलणे म्हणजे ताप आला म्हणून हृदय बदलण्यासारखे आहे. एएमटी गाडी असलेल्यांनी गिअर पडत नसल्यास कुठल्याही मोठ्या दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी आधी मागच्या भिंतीवर ब्रेक लाइट पाहावा, मग बॅटरीचा व्होल्टेज आणि तिच्या टोकांवरचा गंज, मग पंपाच्या तेलाची पातळी आणि त्याचा रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच) तपासून घ्यावा. या चारही गोष्टी एका तासात आणि हजाराच्या आत होतात.

एवढे होऊनही ही गाडी मी विकलेली नाही, आणि गुडघ्याला अजूनही तिच्याविषयी काही तक्रार नाही. चालवण्याची रीत मात्र पूर्ण बदलली. रांगेत पुढच्या गाडीला खेटून सरकत राहण्याऐवजी दोन गाड्यांएवढी जागा मोकळी होऊ देते आणि मग एकदाच निघते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. चढावर थांबले की हँडब्रेक ओढते, निघताना अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी ओढू लागली की मगच तो सोडते. अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा सिग्नल असेल तर न्यूट्रल. पसरणीसारख्या घाटातून उतरताना मॅन्युअलवर दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवते, कारण डी मध्ये गाडी उतारावर वरचा गिअर टाकून मोकळी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पार्किंगसाठी या गाडीत पी नसतो, हे अनेकांना वर्षानुवर्षे माहीत नसते. उतारावर ती गिअरमध्ये ठेवूनच बंद करावी लागते.

ज्यांचा रोजचा रस्ता सपाट आणि वाहता आहे, वर्षाला दहा हजारांच्या आत गाडी फिरते आणि पैसे बेताने खर्चायचे आहेत, त्यांनी एएमटी खुशाल घ्यावी, मात्र चढावर धरून ठेवणारी सोय असलेलाच प्रकार घ्यावा. त्यासाठी वीस-तीस हजार अधिक पडले तरी ते एका क्लचप्लेटमध्ये वसूल होतात. ज्यांचे घर चढावर आहे, तळघरातले पार्किंग आहे किंवा रोज तास-दीड तास रांगेत जातो, त्यांनी जुनी का होईना पण टॉर्क कन्व्हर्टर किंवा चांगली सीव्हीटी शोधावी. जुनी एएमटी गाडी घेणाऱ्याने तर सकाळी थंड गाडी चढावर लावून निघून पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत, कारण थरथर सपाटीवर लपते आणि विकणारा नेहमी गाडी सपाटीवरच दाखवतो.

सध्याच्या दुसऱ्या क्लचवर ४७,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या सर्व्हिसला कर्वेनगरच्या मेकॅनिकांनी संगणकाला जागा पुन्हा शिकवून दिली आणि अजून निदान वर्षभर बघायला नको असे सांगितले. तळघरातून निघताना मात्र मी अजूनही आधी वॉचमनकाकांना फोन करते, “काका, येऊ का वर?” असे विचारते, आणि ते “या” म्हणाले की उतार एका दमात चढते.